गहू सुटला, आता डाळही सोडायची?



गेल्या वर्षभरात आपल्या महिला मंडळातल्या चार-पाच जणींनी मला एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली. पोट फुगायचे, जड वाटायचे म्हणून गहू बंद केला. थोडे बरे वाटले, पण पूर्ण नाही. मग कुणीतरी व्हिडिओ पाठवला की खरा त्रास लेक्टिनचा आहे, आणि ते डाळीत, कडधान्यात, शेंगदाण्यात, टोमॅटोत, काकडीत, दुधीत, सगळीकडे असते. तर आता डाळही सोडायची का?

माझे मत आधीच सांगून टाकते. ज्यांना सीलिएक आजाराचे निदान झाले आहे त्यांनी गहू चिमूटभरही खाऊ नये, त्यात सणवार नाही की पाहुणचार नाही. लेक्टिनच्या धास्तीने डाळ मात्र सोडू नये. डाळ भिजवण्याची आणि शिजवण्याची रीत नीट सांभाळली की लेक्टिनचा प्रश्न बहुतेक चुलीवरच मिटतो. मी डॉक्टर नाही, बी. कॉम. झालेली गृहिणी आहे. पण चाळीस वर्षे घरखर्चाची वही लिहिते आहे, आणि कुठून काय वजा केले की शेवटी शिल्लक किती राहते, एवढे मला कळते. या प्रश्नात सगळे अडते ते त्या शिल्लकेवरच.

आधी शब्द नीट समजून घेऊ, कारण निम्मा गोंधळ त्यातच आहे. ग्लुटेन म्हणजे गव्हातले चिवट प्रथिन. कणीक मळल्यावर जो ताण येतो तो त्याच्यामुळे. त्याच जातीची प्रथिने जवात म्हणजे सातूत आणि राय या धान्यात असतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, मका यांत ती नसतात. सीलिएक आजारात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर झिजले की लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे अंगी लागत नाहीत. गव्हाची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट. आणि तिसरा गट असा, ज्यांच्या तपासण्या साफ येतात पण गहू खाल्ला की त्रास होतो. तिघींची औषधे वेगळी, पथ्ये वेगळी.

म्हणून माझी पहिली विनंती: तपासणी आधी, गहू सोडणे नंतर. सीलिएकसाठी रक्ताची टीटीजी तपासणी करतात आणि गरज वाटल्यास दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून पाहतात. तुम्ही आधीच गहू सोडून बसला असाल तर या तपासण्या खोट्याच साफ येऊ शकतात. मग जन्मभर कळत नाही की आपले पथ्य चिमटीएवढे कडक हवे की सैल चालेल.

गव्हाचा हा दोष सिद्ध कसा झाला तेही ऐकण्यासारखे आहे. विलेम डिके नावाचे हॉलंडचे एक बालरोगतज्ज्ञ होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे तिथे मोठी उपासमार झाली, पाव मिळेना. अशा काळात सगळी मुले खंगत होती, पण या आजाराची मुले सुधारताना दिसली. पुन्हा पाव मिळू लागल्यावर तीच मुले पुन्हा आजारी पडली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. त्यांनी त्यावर काम करून १९५० साली प्रबंध लिहिला. म्हणजे काढले तर बरे, दिले तर त्रास, हे माणसांवर दिसले आणि तपासले गेले. कुठलाही पदार्थ दोषी ठरवायचा तर एवढा पुरावा हवा, असे मला वाटते.

आता लेक्टिन. लेक्टिन हे एका प्रथिनाचे नाव नाही, मोठे कुटुंब आहे. साखरेच्या रेणूंना चिकटणे हा त्यांचा स्वभाव. १८८८ साली स्टिलमार्क नावाच्या संशोधकाने एरंडाच्या बियांत असे प्रथिन शोधले, तिथून हा अभ्यास सुरू झाला. झाडाला ते बीज राखायला उपयोगी पडते. आपल्या भागातल्या हुलग्यात असलेले लेक्टिन तर रक्ताचा ए गट कोणत्या उपप्रकारचा आहे हे ओळखायला प्रयोगशाळेत वापरतात. तोच हुलगा आपण पिढ्यान्‌पिढ्या माडगे करून खात आलो आहोत.

लेक्टिन निरुपद्रवी आहे असे मी म्हणणार नाही. राजमा कच्चा किंवा अर्धकच्चा खाल्ला तर चार-पाच दाण्यांनीही तासा-दोन तासांत उलट्या सुरू होतात. कच्च्या लाल राजम्यात हे लेक्टिन २० हजार ते ७० हजार एकक असते आणि पूर्ण शिजल्यावर २०० ते ४०० एककच उरते. केवढा फरक पाहा. उलट, राजमा उकळीला न येता मंद आचेवर, ८० अंशांच्या आसपास नुसता तापत राहिला तर विषारीपणा वाढूही शकतो. म्हणून परदेशात राहणाऱ्या लेकी-सुनांना मी आवर्जून सांगते, तिकडच्या स्लो कुकरमध्ये कोरडा राजमा थेट टाकू नका. आधी भिजवा, पाणी टाका, अर्धा तास खळखळून उकळा, मग काय ते करा.

लेक्टिन सोडण्याची लाट आली ती मुख्यतः स्टीव्हन गंड्री या अमेरिकन हृदयशल्यविशारदांच्या २०१७ सालच्या 'द प्लांट पॅरॅडॉक्स' या पुस्तकाने. ते स्वतः पूरक पावडरी आणि गोळ्याही विकतात, हे लक्षात ठेवून पुस्तकाकडे पाहावे. लेक्टिनच्या अपायाचे बरेचसे प्रयोग प्राण्यांवर किंवा पेशींवर, कच्चे किंवा वेगळे काढलेले लेक्टिन देऊन झालेले आहेत. आपण तर शिजवलेले वरण खातो. आणि व्हिडिओवाले जे सांगत नाहीत ते असे की प्रेशर कुकरमध्ये शिजवलेली कडधान्ये चालतात, असे गंड्रीही म्हणतात. आपल्याकडे वरणाला कुकरच्या शिट्ट्या होतातच.

आता येते आपली अडचण, जी अमेरिकेतल्या पुस्तकाला ठाऊक असण्याचे कारण नाही. आपले ताट मुळातच मोजके आहे. मांस, मासे, अंडी नाहीत. कंदमुळे नाहीत. वांगे अनेक घरांत वर्ज्य. चातुर्मासात पालेभाज्या बंद. सूर्यास्तानंतर जेवण नाही. हे सगळे आपण आनंदाने पाळतो. पण अशा ताटातून आजाराने गहू काढला, आणि भीतीने डाळ काढली, तर उरते काय?

हिशेबच मांडू. आपल्या देशाच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. गहू नसलेल्या एका साध्या दिवसाची जमेची बाजू अशी: ज्वारीच्या दोन भाकरी, म्हणजे साधारण १०० ग्रॅम पीठ, त्यातून १० ग्रॅम प्रथिने. ५० ग्रॅम तांदळाचा भात, ४. दोन्ही जेवणांची मिळून ६० ग्रॅम कोरडी डाळ आणि कडधान्य, १३. दूध-ताक-दही मिळून ४०० मिलिलिटर, १३. मूठभर म्हणजे २० ग्रॅम शेंगदाणे, ५. भाज्यांचे २. एकूण ४७. काठावर का होईना, जमले.

आता लेक्टिनची यादी लावा. डाळ आणि शेंगदाणे गेले, १८ वजा, उरले २९. सीलिएकमध्ये आतड्याचे अस्तर झिजलेले असताना पुष्कळांना दूधही काही काळ पचत नाही. तेही गेले तर उरले १६. गरजेच्या एक तृतीयांश. शिवाय धान्याच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीतून भरून निघतो. भाकरीबरोबर आमटी आणि भाताबरोबर वरण ही जोडी आपल्या आज्यांनी उगाच जमवलेली नाही. मांसाहारी माणसाने डाळ सोडली तर तो भर दुसरीकडून काढतो. आपण कुठून काढणार?

हा कागदावरचा हिशेब मी घरातही पाहिला आहे. माझ्या नणंदेच्या मुलीला सीलिएकचे निदान झाले, तिने गहू सोडला, सहा महिन्यांत चेहऱ्यावर तेज आले. मग पोट अधूनमधून फुगते म्हणून तिने कुठलासा व्हिडिओ पाहून डाळी, कडधान्ये, टोमॅटो, काकडी, सगळे एकदम बंद केले. चार महिन्यांत वजन पाच किलो उतरले, केस गळायला लागले, हिमोग्लोबिन खाली आले. मी रागावले तर मला म्हणाली, "मामी, तुम्हीच तर त्याग शिकवलात. मग मी एवढं सोडलं तर तुम्हाला वाईट का वाटतं?"

तिचा प्रश्न मला बरेच दिवस पुरला. त्याचे उत्तर पुढे लिहिते. आधी तिचे काय झाले ते सांगते. आहारतज्ज्ञ बाईंनी तिच्याकडून आठ दिवसांचे सगळे खाणे लिहून घेतले. ज्वारीचे पीठ गिरणीतून दळून येत होते, आणि त्याच जात्यावर तिच्या आधी कुणाचा ना कुणाचा गहू दळला जात होता. फोडणीचा हिंग मैदा मिसळलेला होता. पोट फुगत होते ते डाळीने नव्हे, रोज थोडा थोडा गहूच पोटात जात होता. पीठ घरी दळायला लागली, हिंग बदलला, आणि मुगाच्या डाळीपासून एकेक डाळ परत सुरू केली. आज ती सगळ्या डाळी खाते.

म्हणून ज्यांनी गहू सोडूनही पोट शांत झालेले नाही, त्यांनी लेक्टिनच्या मागे धावण्याआधी लपलेला गहू शोधावा. आपल्या स्वयंपाकघरात तो कुठे कुठे असतो ते सांगते. बांधानी हिंगात बहुधा मैदा किंवा तांदळाचे पीठ असते, डबीवरची बारीक अक्षरे वाचून तांदळाचा घ्यावा. कांदा-लसूण नसल्याने आपल्याकडे हिंग रोज आणि सढळ पडतो, म्हणून हे जास्त महत्त्वाचे. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत बऱ्याच जणी घालतात. सातूचे पीठ तर दोन्ही बाजूंनी वर्ज्य. रवा, लापशी, शेवया, खाकरा आणि आपली हुग्गी, सगळे गव्हाचेच. खपली गहू चालतो असे आपल्या भागात सर्रास सांगतात. चालत नाही. खपली पचायला हलका वाटत असेल, पण तोही गहूच, त्यात ग्लुटेन आहे.

बाजारातली ग्लुटेन-फ्री पाकिटे घेताना आपल्याला दोनदा वाचावे लागते. कायद्याने अशा पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, ते ठीक. पण आत पुष्कळदा बटाट्याचे स्टार्च, टॅपिओका नाहीतर अंडे असते. आजाराला चालले तरी आपल्या नियमाला चालत नाही. त्यापेक्षा भाकरी, घावन, तांदळाची उकड, राजगिऱ्याची लाही, वरईचा भात हे आपले जुने पदार्थ सोपे, स्वस्त आणि निर्धोक.

आता लेक्टिन कमी करण्याच्या रिती. पुस्तकात चार-पाच सांगितलेल्या असतात: भिजवणे, मोड आणणे, आंबवणे, साले काढणे, कुकरमध्ये शिजवणे. त्यातले मोड अनेक जैन घरांत खात नाहीत. रात्रभर आंबवलेले पीठ वासी म्हणून चालत नाही. तरी काही अडत नाही, बाकीच्या रिती पुरतात. सालीसकट कडधान्यापेक्षा बिनसालीची मूग, मसूर, तूर, उडीद डाळ घ्यावी, ती पचायलाही हलकी. अख्खे कडधान्य करायचे असेल तर सकाळी देवदर्शन करून आल्यावर गाळलेल्या पाण्यात भिजत घालावे. पाच-सहा तासांनी ते पाणी टाकून द्यावे, दोनदा धुवावे, नव्या पाण्यात कुकरला लावावे. कुकरमध्ये तापमान साधारण १२० अंशांपर्यंत जाते, उघड्या पातेल्यात १०० च्या वर जात नाही. दाणा बोटात चेपल्यावर आत कणी राहता कामा नये. दुपारी चारला कुकर लावला तरी सूर्यास्ताआधी जेवण होते. भिजवलेले पाणी टाकल्याने वायू करणाऱ्या शर्कराही बऱ्याच निघून जातात. म्हणजे दोष लेक्टिनचा असो की त्या शर्करांचा, उपाय एकच आहे.

तरीही एखादी डाळ सोसत नसेल, असे होऊ शकते. प्रत्येकीचे पोट वेगळे. पण शोध घ्यायचा तो वहीत लिहून. एका वेळी एकच पदार्थ बंद करा, दोन-तीन आठवडे थांबा, काय वाटते ते रोज लिहा, मग तोच पदार्थ परत घेऊन पाहा. पाच पदार्थ एकदम बंद केले तर बरे कशाने वाटले ते कधीच कळत नाही, खतावणीत पाच खाती एकत्र मिसळल्यासारखे होते. आणि एक डाळ बंद केली तर तिच्या जागी दुसरी लिहिल्याशिवाय पान उलटू नका.

आता भाचीच्या प्रश्नाचे उत्तर. आपण जे सोडतो ते जिवांच्या दयेपोटी आणि स्वतःच्या इच्छेवर ताबा यावा म्हणून. त्याला मर्यादा असते, काळ असतो, गुरूंसमोर घेतलेला नियम असतो, आणि सोडताना मन हलके होते. भीतीने सोडलेल्या अन्नाला शेवट नसतो. आज गहू, उद्या डाळ, परवा टोमॅटो, आणि प्रत्येक घासाला मन कचरते. ताट समोर असताना त्याच्याकडे शत्रू म्हणून पाहणे हा मला तरी त्याग वाटत नाही. ज्या शरीराने व्रत करायचे, सामायिकाला बसायचे, मुनींना आहार द्यायला पहाटेपासून उभे राहायचे, ते अशक्त करून ठेवणे धर्मात कुठे बसते? आजारी माणसाने डॉक्टरांच्या सांगण्यावरून गहू सोडला तर ते पथ्य. पर्युषणात एकासन केले तर ते तप. व्हिडिओ पाहून घाबरून डाळ सोडली तर त्याला या दोन्हींतले कुठलेच नाव देता येत नाही. हेच मी तिला सांगितले.

शिस्त मात्र आपल्याकडे आहे, आणि ती या आजारात फार कामाला येते. मुनींच्या आहारासाठी चौका लावताना आपण काय करतो ते आठवा. भांडी वेगळी, धान्य एकेक दाणा निवडलेले, पीठ घरी दळलेले आणि त्यालाही मुदत: पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. सीलिएक असलेल्या लेकीला नेमके हेच लागते. तिची परात, लाटणे, तवा, चाळणी वेगळी. तिचे धान्य घरघंटीवर, आणि ती घरघंटी गव्हासाठी वापरायची नाही. तिची भाकरी आधी, पोळ्या नंतर. जी बाई चौका नीट सांभाळते तिला हे शिकवावे लागत नाही. फक्त "एवढ्याशा कणकेने काय होतंय" हे वाक्य बंद करायला हवे. सासूबाईंनीही आणि पाहुण्यांनीही.

शेवटी मंडळासाठी एक सूचना. पंचकल्याणक असो, दशलक्षणाचे पारणे असो की लग्नकार्य, आपल्या पंगतीत हुग्गी आणि पुऱ्या असणारच, असूद्यात. पण भात आणि बिनहिंगाचे साधे वरण एका वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळीसह, झाकून बाजूला ठेवावे आणि ते कुणासाठी आहे हे वाढणाऱ्या मुलांना आधी सांगावे. खर्च काहीच नाही. पंगतीत उपाशी बसून "मला भूक नाही" म्हणणारी एखादी मुलगी पोटभर जेवून उठेल. साधर्मी वात्सल्य म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

जय जिनेंद्र.